जमीन पाहावी, मग चाक निवडावे

विजेची मोटार, बर्फाचा रस्ता आणि मोठ्या टायरचा मोह

वाचकहो, थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे घरोघर एक काम निघते. माळ्यावरच्या वाकळा, घोंगड्या खाली येतात, अंगणात उन्हात पडतात आणि संध्याकाळी झटकून घरात जातात. युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. तिथेही त्याच सुमारास घरोघर एक काम निघते, पण ते मोटारीचे असते. उन्हाळ्याची चारही चाके उतरवायची आणि हिवाळ्याची चार चाके चढवायची. तिथे एका मोटारीला चाकांचे दोन जोड लागतात. ज्याच्या घरी शेड आहे तो उतरवलेली चाके तिथे रचून ठेवतो. ज्याला जागा नाही, तो भाडे भरून ती 'टायर हॉटेला'त ठेवतो. हसू नका, त्या धंद्याला तिथे खरोखरच हे नाव आहे!

आता तुम्ही म्हणाल, बर्फ त्यांच्याकडे पडतो, मोटार त्यांची, पैसाही त्यांचा. आमच्या बांधावर त्याचे काय? पण जरा थांबा. चाके बदलताना तिथल्या माणसाला जो प्रश्न पडतो, तोच ट्रॅक्टरचा टायर बदलताना आपल्यालाही पडतो : "बदलायचेच आहेत, तर एक माप मोठे का घालू नयेत?" आता विजेच्या स्कूटरी आपल्या गावात आल्या आहेत. कुणाचा मुलगा, कुणाची सून त्या थंड मुलखात नोकरीला आहे. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेतलेला बरा.

पंजाएवढ्या जागेचा खेळ

मोटार केवढीही मोठी असो, तिचे एक चाक जमिनीला टेकते ते जेमतेम माणसाच्या पंजाएवढ्या जागेवर. चार चाकांचे चार पंजे. गाडीचे सगळे ओझे त्यांच्यावरच. गाडी पळवायची ती याच चार पंजांच्या पकडीवर, वळवायची तीही त्यावर आणि थांबवायची तीही त्यावरच. ब्रेक कितीही चांगला असला तरी तो चाक थांबवतो. गाडी थांबवते ती टायरची जमिनीवरची पकड.

ही पकड बर्फावर किती कमी होते ते पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण १२-१३ मीटरांत उभी राहते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला तिप्पट अंतर लागते. आणि पाणी गोठून काचेसारखा थर झाला असेल, तर हे अंतर १०० मीटरांच्या घरात जाते. शेवाळलेल्या फरशीवर अनवाणी धावणारा माणूस जसा थांबता थांबत नाही, तसेच.

हिवाळ्याचा टायर वेगळा कसा?

थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. रबराचेही तसेच आहे. उन्हाळ्याच्या टायरचे रबर पारा ७ अंशांखाली गेला की कडक होऊ लागते आणि रस्त्याला धरून बसेनासे होते. हिवाळ्याच्या टायरचे रबर मुद्दाम मऊ केलेले असते. ते कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहते. त्याच्या नक्षीत सुरीने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरांच्या कडा बर्फाला चावा घेतात. काही टायरांना तर चक्क धातूचे खिळे असतात, म्हणजे बैलाच्या खुराला नाल ठोकावी तशी गत. जो टायर बर्फाच्या कसोटीला उतरला आहे, त्याच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते.

या टायरचा जन्म फिनलंडमधला. तिथल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी हिवाळी टायर काढला. नोकिया म्हणजे तेच नाव, जे पुढे आपल्या खेड्यापाड्यांत बटणांच्या मोबाइलमुळे पोहोचले. त्या कंपनीचे मूळ कागद, रबर आणि विजेच्या तारा यांच्या कारखान्यांत आहे.

नॉर्वेत हिवाळ्यात मोटारीच्या टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल असावी लागते, उन्हाळ्यात १.६ मिलिमीटर चालते. खिळ्यांचे टायर मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीतच वापरायचे. कारण खिळे बर्फाला धरतात तसे डांबरालाही खरवडतात, आणि त्या धुळीने शहराची हवा बिघडते. म्हणून ओस्लो या राजधानीच्या शहरात खिळ्यांच्या टायरवर वेगळे शुल्क घेतात. एका बाजूने फायदा, दुसऱ्या बाजूने तोटा. टायरच्या दुनियेत फुकट काही मिळत नाही, हे इथूनच लक्षात घ्या.

विजेच्या मोटारीची गोष्ट निराळी

नॉर्वेत २०२४ साली जेवढ्या नव्या मोटारी विकल्या गेल्या, त्यांतल्या दर १० पैकी जवळपास ९ पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. त्याआधी २०१८ साली तर सगळ्या प्रकारच्या मोटारींत सर्वांत जास्त खपलेली गाडी निसान कंपनीची 'लीफ' ही विजेचीच मोटार होती. तेव्हा बर्फ आणि वीज यांची गाठ कशी पडते, हे त्या देशाइतके कुणाला ठाऊक नाही.

विजेच्या मोटारीच्या चार गोष्टी टायरच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली, तिचे वजन. लीफ ही काही मोठी गाडी नव्हे, तरी तिचे वजन दीड टनाच्या वर जाते, आणि त्यातले सुमारे ३०० किलो एकट्या बॅटरीचे. म्हणजे तीन-साडेतीन क्विंटल धान्याची पोती कायमची गाडीत ठेवल्यासारखी.

दुसरी, तिची ओढ. डिझेलच्या इंजिनाला जोर धरायला थोडा वेळ लागतो. विजेची मोटर उभ्या जागेवरून सगळा जोर एकदम लावते. बर्फावर पाय जरा जोरात पडला की चाक जागच्या जागी गरगर फिरते.

तिसरी, तिला बहुतेक वेळा गिअर एकच असतो. ट्रॅक्टर अडला की आपण खालच्या गिअरमध्ये टाकतो. इथे ती सोय नाही.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिची शिदोरी मोजकी. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. शिवाय इंजिनाची फुकटची ऊब तिला नसते. माणसांना लागणारी ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते. नॉर्वेच्या मोटारमालकांच्या संघाने २०२० साली २० विजेच्या मोटारी भर हिवाळ्यात चालवून पाहिल्या. कागदावर लिहिलेल्या अंतरापेक्षा त्या सरासरीने जवळपास पाचव्या हिश्शाने कमी चालल्या. म्हणजे रुपयातले वीस पैसे थंडीनेच खाल्ले. उरलेल्या ऐंशी पैशांत टायरने किती खायचे, हा आपला प्रश्न.

मोठ्या टायरचा मोह

बर्फात गाडीचे पोट अडकते. मग माणूस विचार करतो, टायर मोठा घातला तर गाडी उंच होईल, रुंद घातला तर जास्त जागा धरील. दिसायलाही गाडी दणकट दिसेल! विचार वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. पण आता कागद-पेन्सिल घेऊन बसू.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. लीफच्या टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, २०५ मिलिमीटर. दुसरा आकडा बाजूची उंची. ती रुंदीच्या ५५ टक्के. म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. शेवटचा आकडा आतल्या रिमचा व्यास, १६ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून रिम झाली ४०६ मिलिमीटरची. रिमच्या वर एक बाजू आणि खाली एक बाजू मिळवली की पूर्ण चाकाची उंची ६३२ मिलिमीटर येते.

आता समजा, मालकाने २१५/६० आर १६ चा टायर घातला. आकडे जवळचेच दिसतात, दुकानात फरक डोळ्यांना कळणारही नाही. पण हिशेब केला की चाकाची उंची येते ६६४ मिलिमीटर. म्हणजे ३२ मिलिमीटर जास्त. टक्क्यांत सांगायचे तर सुमारे ५ टक्के. आणि गाडी उंच किती झाली? वाढलेल्या उंचीचा अर्धा भाग कण्याच्या वर गेला, अर्धा खाली आला. म्हणून गाडीचे पोट वर उचलले गेले फक्त १६ मिलिमीटर. आपल्या करंगळीची जाडी तेवढी. एवढ्यासाठी काय काय द्यावे लागते, ते पाहा.

पाच टक्क्यांची किंमत

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. जमीन मोजत नाही. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण ते मीटरला कुणी सांगितलेले नसते. काट्यावर ८० दिसत असताना गाडी ८४ ने धावते. युरोपात नियम आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. त्यासाठी कारखान्यातून मीटर थोडा जास्त वेग दाखवणाराच लावतात. ही जी थोडी शिल्लक असते, ती मोठा टायर खाऊन टाकतो.

चार किलोमीटर म्हणजे काय मोठे, असे म्हणू नका. वेग पाच टक्के वाढला की थांबायला लागणारे अंतर पाच नव्हे, दहा टक्के वाढते. ८० च्या वेगाने घट्ट बर्फावर थांबायला १०० मीटर लागत असतील, तर आता ११० लागतील. शाळेतून येणारे पोर रस्त्याच्या मधोमध उभे असेल, तर त्या दहा मीटरांची किंमत कोण करणार?

पुढे टायर घासण्याचा धोका. चाक सरळ असताना जागा पुरेशी दिसते. पण स्टिअरिंग पूर्ण वळवले, गाडीत पाच माणसे बसली आणि खड्डा आला, की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला किंवा शॉकअपला घासतो. त्यात मडगार्डच्या आत बर्फ साचून गोठतो. आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते. बर्फाची साखळी बांधायची वेळ आली, तर तिला जागाच उरत नाही.

त्यानंतर ओढ. चाक मोठे झाले की तेवढ्याच जोरात ते जमिनीला कमी रेटते. रहाटाचे चाक मोठे केले आणि बैल तोच ठेवला तर काय होईल, तेच इथे होते. खालचा गिअर नाही, त्यामुळे चढावर ही उणीव जाणवते.

शेवटी बॅटरी. हिवाळी टायर मऊ असतो, म्हणून तो मुळातच जरा जड फिरतो. त्यात तो रुंद आणि वजनदार घेतला की वारा जास्त अडतो, आणि दर वेळी थांबून निघताना जास्त वजन फिरवावे लागते. बॅटरीतली वीज आणखी वेगाने संपते. इथे एक गंमतही आहे. मीटर आता अंतरही कमी मोजतो. खरे १०५ किलोमीटर झाले तरी तो १०० च दाखवतो. मालकाला वाटते, बॅटरी बिघडली! म्हणून अंतर कमी झाल्याची तक्रार करण्याआधी चाकाचे माप आधी पाहावे.

रुंद टायर जास्त धरतो का?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. टायर रुंद केला तरी हवा तेवढीच आणि वजन तेवढेच असेल, तर जमिनीला टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते; फक्त तिचा आकार बदलतो. आधी ती लांबट होती, आता आडवी झाली.

नॉर्वेत रस्त्यावरचा बर्फ यंत्रांनी सतत बाजूला सारतात. राहतो तो वरचा भुसभुशीत थर किंवा पाणी-बर्फाचा राडा, आणि त्याखाली पक्के डांबर असते. अशा ठिकाणी अरुंद टायर राडा कापून खाली उतरतो आणि घट्ट जमीन गाठतो. रुंद टायर राड्यावर तरंगू लागतो, आणि तरंगणाऱ्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण मिळते.

म्हणून तिथला जाणता माणूस हिवाळ्यासाठी उलटेच करतो. उन्हाळ्यात त्याच्या गाडीला २२५/४५ आर १७ चे टायर असतील, तर हिवाळ्यात तो २०५/५५ आर १६ घालतो. रिम एक इंचाने लहान, टायर अरुंद, पण बाजू उंच. हिशेब करून पाहा. पहिल्या चाकाची उंची ६३४ मिलिमीटर, दुसऱ्याची ६३२. बाहेरून चाक तेवढेच राहिले, मीटर खोटे बोलत नाही, उंच बाजूमुळे खड्ड्यात रिम वाकत नाही आणि टायरही स्वस्त पडतो. अर्थात लहान रिम आतल्या ब्रेकला घासणार नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावे लागते.

टायरवर मापानंतर आणखी एक आकडा असतो. तो ओझ्याचा. ९१ लिहिले असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो. ९४ असेल तर ६७० किलो. विजेची मोटार जड, म्हणून माप बरोबर असले तरी ओझ्याचा आकडा कमी असलेला टायर चालत नाही. स्वस्ताच्या मोहात नेमके हेच पाहायचे राहते.

आणि ज्यांना वाटते की अरुंद चाक म्हणजे गरिबाचे चाक, त्यांच्यासाठी एक उदाहरण. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ साली 'आय ३' नावाची विजेची मोटार काढली. तिला टायर दिला १५५/७० आर १९. म्हणजे रुंदी फक्त १५५ मिलिमीटर, पण पूर्ण चाकाची उंची जवळपास ७०० मिलिमीटर. उंच आणि अरुंद! हा आकार कुठे पाहिल्यासारखा वाटतो ना? आपल्या जुन्या बैलगाडीचे चाक, लाकडी आरे आणि लोखंडी धाव असलेले, असेच उंच आणि अरुंद होते. उंच चाक खड्ड्यात पडत नाही, दगडावर सहज चढते आणि हलके ओढले जाते. आपल्या सुताराला हे माहीत होते. बॅटरी वाचवू पाहणारा इंजिनिअर त्याच वाटेने गेला.

मग मोठे चाक कुठे हवे?

मोठा टायर सदासर्वदा वाईट, असे मात्र मुळीच नाही. आपलीच बैलगाडी घ्या. तिचे अरुंद चाक पावसाळ्यात काळ्या जमिनीत उतरले की रुतते, कारण खाली घट्ट तळच लागत नाही. जिथे तळ नाही, तिथे कापून खाली जाण्यात अर्थ नाही. तिथे वर तरंगले पाहिजे.

आइसलंड देशातल्या हिमनद्यांवर बर्फाचा थर इतका जाड असतो की खाली जमीन सापडतच नाही. तिथे लोक जीपगाड्यांना कमरेएवढे टायर घालतात आणि त्यांतली हवा अगदी दोन-चार पौंडांपर्यंत उतरवतात. टायर फसकल मारून बसल्यासारखा पसरतो आणि गाडी बर्फात न रुतता वरून जाते.

हीच युक्ती विजेच्या मोटारीवर झाली. क्रिस आणि ज्युली रॅम्से या स्कॉटलंडच्या नवरा-बायकोने मार्च २०२३ मध्ये उत्तरेतल्या चुंबकीय ध्रुवाच्या जुन्या जागेपासून प्रवास सुरू केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. गाडी होती निसानचीच 'अरिया' ही विजेची मोटार. तिला ३९ इंची टायर बसवले होते. बॅटरी आणि मोटर कारखान्यातून आली तशीच ठेवली. पण एवढे टायर मावावेत म्हणून गाडी उंच करावी लागली आणि मडगार्डची कमान कापून मोठी करावी लागली. हे काम आइसलंडच्या अशाच कामात मुरलेल्या कंपनीने केले. दुकानात जाऊन टायर घातला आणि निघाले, असे ते झाले नाही. जमीन बदलली म्हणून चाक बदलले, आणि चाक बदलले म्हणून गाडीही बदलली.

आपल्या दारातली चाके

आता आपल्या शिवारात या. वर सांगितलेल्या दोन्ही वाटा आपण रोज वापरतो, फक्त त्यांना नाव देत नाही. कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. ते चिखलावर ट्रॅक्टरला आधारही देते आणि चिखल फोडतेही. तेच चाक डांबरी रस्त्यावर आणले तर रस्ताही जातो आणि ट्रॅक्टरही. काळ्या ओल्या रानात रुंद टायर आणि बेताची हवा चांगली, कारण माती दबत नाही. पण तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन रस्त्याला लागला, की कमी हवेचा टायर तापतो आणि झिजतो.

ज्यांचा ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा आहे, त्यांनी तर मापाला फार जपावे. पुढची आणि मागची चाके एकमेकांच्या ठरलेल्या प्रमाणात फिरतात. फक्त मागचे टायर मोठे केले की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडू लागतात. त्याची झीज टायरमध्ये आणि गिअरपेटीत निघते. दोन मोटरींच्या विजेच्या गाडीलाही चारही चाके पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचीच लागतात.

विजेच्या स्कूटरचेही तसेच. समजा तिला ९०/९० - १२ चा टायर आहे. चाकाची उंची सुमारे ४६७ मिलिमीटर. दुकानदार म्हणाला, "१००/९० घाला, दादा, पकड चांगली येईल." नव्या चाकाची उंची सुमारे ४८५ मिलिमीटर, जवळपास ४ टक्के जास्त. गावापासून तालुक्यापर्यंत जाऊन-येऊन जेमतेम पुरणारी बॅटरी असेल, तर हा सौदा घरी परतताना वाटेत कळेल, आणि स्कूटर ढकलत आणावी लागेल.

हिवाळी टायरची आपल्याला गरज नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याचे मऊ रबर भराभर झिजेल, आणि तापलेल्या रस्त्यावर थांबायचे अंतरही वाढेल. पण आपल्या गावांतले जवान लडाखला असतात, त्यांना विचारा. बर्फात चाकांना साखळ्या बांधून गाड्या कशा चालवतात, हे ते तुम्हाला सांगतील. ती साखळीसुद्धा मापाचीच लागते.

लक्षात ठेवण्याजोगे

१. टायर बदलण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली मापे वाचा. त्यात नसलेले माप दुकानदाराच्या शब्दावर घालू नका.

२. रिम लहान-मोठी केली तरी पूर्ण चाकाची उंची जवळपास तेवढीच राहिली पाहिजे.

३. ओझ्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. विजेच्या गाडीला तर मुळीच नको.

४. चारही टायर एकाच जातीचे असावेत. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी असे घातले, तर वळणावर गाडीची मागची बाजू फिरते.

५. नवा टायर घातल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी भरलेली असताना पाहा. कुठे घासल्याची खूण दिसते का?

६. थंडीत टायरमधली हवा आपोआप कमी होते. पारा ५-६ अंशांनी उतरला की साधारण एक पौंड हवा उतरते. परदेशातल्या मुलांना हे आवर्जून कळवा. टायर मोठा करण्यापेक्षा हवा वेळेवर तपासणे जास्त उपयोगी पडते.

७. बर्फावर विजेची गाडी हळू काढावी, आणि पाय एकदम उचलूही नये. पाय उचलला की मोटर स्वतःच चाकांना रोखून बॅटरीत वीज परत घालू लागते. निसरड्या जागी तेवढ्या झटक्यानेही चाक घसरू शकते.

वाचकहो, घरात सहावी-सातवीतले मूल असेल तर त्याला उद्या एक काम द्या. दारातल्या स्कूटरच्या, जीपच्या टायरवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा आणि वर दिला तसा चाकाच्या उंचीचा हिशेब त्याच्याकडून करून घ्या. मग टेपने चाक मोजून ताळा पाहा. गुणाकार, टक्केवारी आणि इंचाचे मिलिमीटर हे सगळे त्यात आले. पुढच्या खेपेला टायरच्या दुकानात जाल तेव्हा त्या मुलाला वही घेऊन बरोबर न्या. दुकानदार "एक माप मोठे घाला" म्हणाला, की आधी मुलाला हिशेब मांडू द्या आणि पैसे नंतर मोजा.